पसारा असू दे की थोडा!

आई-बाबांनो, आणि मागे बसलेल्या आजी-आजोबांनो,

रविवारी वर्ग सुटला की तुमच्यापैकी कुणी ना कुणी मला दारात गाठतं. स्कूटर चालूच असते. "बाई, घरी हा इतका पसारा करतो, काही विचारू नका. इथे तरी नीट राहतो ना?" असल्या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून आज तुम्हाला मुद्दाम बसवून घेतलंय. चहा येतोय.

सरळच सांगते. इथे तो नीट राहत नाही. घरी करतो त्याच्या दुप्पट पसारा इथे करतो आणि मी त्याला करू देते. रंगाचं पाणी सांडतं, शाडू पायदळी येतो, नाटकाच्या तालमीचा निम्मा वेळ भांडणात जातो. एवढं करून जे तयार होतं ते बऱ्याचदा चार लोकांना दाखवण्यासारखंही नसतं. तरी मला ते चालतं. का चालतं, हे आज सांगायचंय.

आपलं नाशिक रोड मुळात काटेकोरपणावर पोसलेलं गाव आहे. १९२५च्या सुमाराला इथे सिक्युरिटी प्रेस आला, १९२८मध्ये नोटांचा कारखाना. इथे बसलेल्या कितीतरी जणांचे वडील-आजोबा प्रेसमध्ये होते, काही जण आजही आहात. तिथे कोऱ्या कागदाचा तावन्‌ताव मोजला जातो. छपाई जरा सरकली की नोट बाद. २००६पासून तर काही नोटांच्या बाबतीत बाद झालेल्या नोटेच्या जागी जी दुसरी घालतात, तिच्या क्रमांकात एक छोटी चांदणी छापतात. म्हणजे चुकीचाही हिशेब नोटेवरच दिसतो. रेल्वेतल्यांचं तसंच, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्यांचं तसंच. एकाने हलगर्जीपणा केला तर तो दुसऱ्या कुणाला तरी भोवतो. या शिस्तीवर आपली घरं उभी राहिली, तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

फक्त एक फरक लक्षात घ्या. नोट छापताना शेवटी काय निघायला हवं ते आधीच ठरलेलं असतं. दहा वर्षांचं पोर कागद घेऊन बसतं तेव्हा त्यातून काय निघणार आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते शोधण्यासाठीच तर ते बसलेलं असतं. त्याच्यापुढे आपण प्रेसमधला नियम ठेवला, की रेघ सरकली, कागद बाद, तर ते दुसऱ्यांदा नवं काही काढायला जाणार नाही. सूर्य, दोन डोंगर, मधून नदी, एक झोपडी. हे चित्र कधीच बाद होत नाही. म्हणून तर ते घरोघरी सापडतं.

आता तुम्ही म्हणाल, पसाऱ्यातून कुणाचं भलं झालंय? मी आपल्याच जिल्ह्यातलं माणूस दाखवते. धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला पुरस्कार आठवतो, नाहीतर पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक आणि तिथली सहल. पण त्यांची चाळिशीपर्यंतची वाट बघा. मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला. मग बडोद्याचं कलाभवन. मग फोटोग्राफी. मग पुरातत्त्व खात्यातली नोकरी, ती सोडली. मध्येच जादूचे प्रयोग. त्यासाठी स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' असं नाव घेतलं होतं. मग ब्लॉक बनवणं, छापखाना. छापखाना चांगला चालला असताना भागीदारांशी बिनसलं आणि हे बाहेर पडले. पदरात बायको-मुलं. आज असा मुलगा आपल्या सोसायटीत असता तर आपण काय म्हटलं असतं, ते सांगायला नको. "याचं एक काही धड नाही."

त्या सुमाराला मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्या देवांच्या गोष्टी पडद्यावर आणायचं डोक्यात घेतलं. मग घराची काय दशा झाली असेल! तासन्‌तास सिनेमे बघून आणि प्रयोग करून डोळे अधू झाले, काही काळ दिसेनासं झालं. घरातलं सामान विकलं गेलं, विमा पॉलिसी गहाण पडली. १९१२मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, पण भांडवल द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा या माणसाने कुंडीत वाटाणा पेरला. त्यासमोर कॅमेरा मांडून रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं आणि बी रुजून वेल वर चढेपर्यंतचा महिन्याहून जास्त काळ मिनिटभरात दाखवला. पैसेवाल्यांना ते बघून कर्ज द्यावंसं वाटलं.

मला या वाटाण्याचं फार कौतुक आहे. पैसे असते तर त्यांनी थेट मोठा चित्रपटच करायला घेतला असता. पैसे नव्हते म्हणून घरात जे होतं त्याच्याशी झटावं लागलं, आणि झटता झटता वेळ कसा आखडता येतो ते हातात बसलं. पुढे 'लंकादहन', 'कालियामर्दन'मध्ये त्यांनी जे चमत्कार दाखवले, ते या माणसाला कुठून सुचले? जादूचे प्रयोग, फोटोग्राफी, चित्रकला, ब्लॉक, ही सगळी 'धड नसलेली' कामं तिथे एकत्र आली. पसारा दिसत होता तेव्हाही तो आतून एकमेकांत अडकत होता. बाहेरून बघणाऱ्याला ते कळण्याची सोय नव्हती.

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळची गंमत तर मुलांना आवर्जून सांगा. तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना. शेवटी एका उपाहारगृहातल्या साळुंके नावाच्या स्वयंपाक्याला लुगडं नेसवलं. बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार होईनात, कारण मिशा काढायच्या त्या बाप गेल्यावर. वांगणीला चित्रीकरणाला गेले, तर तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले, आणि मंडळींना पोलिसांपुढे खुलासा करत बसावं लागलं. एवढ्या अडचणींतून ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि इथूनच त्यांनी एकामागून एक चित्रपट काढले.

इथे जरा थांबते, कारण फाळक्यांची गोष्ट सांगताना आपण एक माणूस नेहमी विसरतो. हा सगळा पसारा चालू असताना सरस्वतीबाई काय करत होत्या? त्यांनी दागिने काढून दिले. त्या काळी कच्च्या फिल्मला भोकं हाताने पाडावी लागत. ती अंधारात बसून त्या पाडत. फिल्म धुवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही केला. कलावंताचा पसारा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, तो बहुतेक वेळा घरातली बाई आवरत असते. म्हणून मी पसाऱ्याची बाजू घेते तेव्हा 'आईने आवरावा' असं मुळीच म्हणत नाही.

आणि हेही सांगून टाकते, आज वेळ आहे तर. आपल्या वर्गात तास संपला की मुली न सांगता ब्रश धुवायला लागतात आणि मुलगे सायकल काढतात. हे मी शिकवलेलं नाही. घरून आलंय. मुलाचा पसारा म्हणजे 'डोकं चालतंय त्याचं' आणि मुलीचा पसारा म्हणजे 'सासरी काय करशील', असं अजूनही काही घरांत चालतं. इथे मुलींनाही तेवढाच पसारा करू देते आणि मुलग्यांनाही तेवढंच आवरायला लावते. त्यावरून कुणाची तक्रार आली तर मी ऐकून घेईन, बदलणार मात्र नाही.

मागे कुणीतरी मोबाईलवर मला एक बातमी पाठवली होती, पसाऱ्याच्या खोलीत बसलं की कल्पकता वाढते अशी. तो प्रयोग खराच झालेला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कॅथलीन वोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये तो प्रसिद्ध केला. विस्कटलेल्या खोलीत बसलेल्यांना टेबलटेनिसच्या चेंडूचे जास्त अनोखे उपयोग सुचले. नीट लावलेल्या खोलीतल्यांनी चॉकलेटऐवजी सफरचंद उचललं आणि देणगीही जास्त दिली. पण २०१९मध्ये दुसऱ्या संशोधकांनी पडताळून पाहिलं तेव्हा त्यांना पसाऱ्याचा असा काही परिणाम दिसला नाही. तेव्हा 'बाईंनी सांगितलंय' म्हणून कपाट उलटं करू देऊ नका. अंगावरचे कपडे खुर्चीवर, डबा तीन दिवस दप्तरात, चप्पल एक इकडे एक तिकडे, हा नुसता आळस आहे. त्यावर खुशाल ओरडा. मी बोलतेय ते काम चालू असताना होणाऱ्या पसाऱ्याबद्दल. चित्र अर्धं झालंय, बाहुलीला हात लागायचाय, गोष्टीचे कागद अजून मागे-पुढे करायचेत, असा पसारा. तो आवरला की नुसती फरशी मोकळी होत नाही, कामही तुटतं.

त्या पसाऱ्यात मुलाशी वस्तू झगडत असते, आणि ते झगडणं मला महत्त्वाचं वाटतं. जलरंग ओघळतो. कार्डबोर्ड भलतीकडेच वाकतो. गणपतीच्या आधी शाडूची कार्यशाळा घेतली तेव्हाची गोष्ट सांगते. एका मुलाच्या गणपतीची सोंड सारखी गळून पडत होती. वडील बाजूलाच होते. त्यांनी पटकन आत काडी खुपसून द्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या. मुलगा चिडला, एकदा तर गोळा आपटला. मग बऱ्याच वेळाने त्याने सोंड वळवून गणपतीच्या हातातल्या मोदकावर टेकवली आणि ती राहिली. मातीत काम करणारे मूर्तिकार सोंडेला असा आधार देतात, कारण लोंबती सोंड टिकत नाही. हे मी त्याला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती. मातीने सांगितलं, ते तो विसरणार नाही. काडी खुपसली असती तर मूर्ती बरी दिसली असती, एवढंच.

शाळेच्या प्रोजेक्टचं आपण काय करतो? आदल्या रात्री आठ वाजता बिटको चौकातून तयार साहित्य आणतो, मुलाला अकराला झोपवतो आणि बारापर्यंत आपण चिकटवत बसतो. सकाळी ज्वालामुखी झकास दिसतो. मुलाच्या वाट्याला त्यातलं काय येतं? रिक्षात तो सांभाळून नेणं.

पण एक घोटाळा होऊ देऊ नका. त्रास झाला की माणूस घडतो, असं म्हणत मुलाला मुद्दाम छळणारे लोकही मी पाहिलेत. मातीने दिलेला नकार आणि माणसाने केलेला अपमान या फार वेगळ्या गोष्टी आहेत. विहितगाव इथून किती लांब? तिथे १९३०मध्ये बाबूराव बागूल जन्मले. नोकरीसाठी सुरतेला गेले तेव्हा राहायला खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. त्या अनुभवातून 'जेव्हा मी जात चोरली होती!' ही कथा आली. त्याच नावाचा संग्रह १९६३चा. मराठी कथा त्याने हलली. म्हणून ती खोली नाकारणारी व्यवस्था साहित्याला उपकारक ठरली, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? बागूल लिहिते झाले ते त्या अपमानाशी भांडून. त्याच अपमानाखाली किती जण गप्प राहिले, त्यांची पुस्तकं आपल्याकडे नाहीत.

तेव्हा घरी 'शेजारच्या आर्याला बघ', 'हे काय काढलंयस, हत्ती आहे की बटाटा?', 'याने पोट भरणार आहे का?' ही जी भर आपण घालतो, ती या कामाच्या झगड्यात मोजू नका. मुलाची सगळी ताकद तिच्याशी लढण्यात संपते, कागदापर्यंत पोचतच नाही.

दुसरीकडे साने गुरुजींचं उदाहरण पालक मला हमखास देतात. आपला जेल रोड ज्या तुरुंगावरून नाव घेतो, त्या नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं गेलं. ९ फेब्रुवारी १९३३ला सुरुवात आणि १३ तारखेच्या पहाटे शेवट. मग मुलाला ऐकवलं जातं, "बघ, गुरुजींनी जेलमध्ये पाच दिवसांत अख्खं पुस्तक लिहिलं आणि तुला पंख्याखाली बसून एक निबंध सुचत नाही!" अहो, ते पाच दिवस नव्हते. गुरुजींची आई १९१७मध्ये गेली. पुढे अमळनेरला शाळेत शिकवताना ते वसतिगृहातल्या मुलांमध्ये राहिले, त्यांना गोष्टी सांगितल्या, त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढलं. त्या मुलांच्या खोल्यांतला पसारा ते स्वतः आवरून ठेवत, न रागावता. मला ते काही जमत नाही. मग चळवळ, मग धुळ्याचा तुरुंग, तिथे १९३२मध्ये दर रविवारी विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली. एवढं सगळं आत घुसळत असताना पंधरा वर्षं गेली, आणि मग ते पाच दिवस आले. तुमच्या मुलीने महिनाभर वहीत नुसती चित्रविचित्र माणसं काढली आणि 'काहीच पूर्ण करत नाही' असं तुम्हाला वाटलं, तर थोडं थांबा. कदाचित काहीच होणार नाही. तेही चालेल.

भांडणांबद्दल. बालनाट्याच्या तालमीत कुणी कुणाला काय म्हणालं, यावरून आपल्या ग्रुपवर जे मेसेज पडतात, ते कृपा करून थांबवा. नाटकाचा शेवट राजा मरतो असा करायचा की पळून जातो असा, यावर दोन मुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दोघींच्या आयांनी मला फोन केले. मी काही केलं नाही. पुढच्या रविवारी त्या दोघी तिसराच शेवट घेऊन आल्या. राजाला कुणी ओळखतच नाही. मला तो कधीच सुचला नसता. फाळक्यांचंही नाशिकला १९१८मध्ये काढलेल्या हिंदुस्तान कंपनीत भागीदारांशी वाजलं, रागावून ते काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं, आणि काही वर्षांनी त्याच कंपनीत परत आले. मोठ्या माणसांना एवढा वेळ लागतो, मुलांना आठवडा पुरला.

आता जागेचा प्रश्न. नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये किंवा जेल रोडच्या वन बीएचकेत पसारा मांडायचा कुठे, हे तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. एक जुनी चादर द्या. सगळं तिच्यावर. पाहुणे आले की चारी टोकं धरून चादर पलंगाखाली सरकवा, गेले की बाहेर ओढा. काम मोडत नाही आणि घरही दिसण्यासारखं राहतं. काम संपलं की आवरायचं ते ज्याने केलं त्याने, आईने नाही. कधी संपलं, हे मात्र त्याला ठरवू द्या. फार तर आठ दिवसांची मुदत घाला.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्यांच्या पालकांसाठी वेगळं सांगते. त्या परीक्षेला स्वच्छ रेघ, मोजमाप, वेळेत पूर्ण, हे सगळं लागतं, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीत गुण मिळतात, त्यामुळे ते मी कसून करून घेईन. बुधवार-शुक्रवार त्यासाठीच आहेत. रविवार त्यात ओढू नका. दहावी आहे म्हणून रविवार बंद करायचा असेल, तर तुम्ही ठरवण्याआधी एकदा मुलाला विचारा, माझं नाव न घेता.

दिवाळीनंतर प्रदर्शन आहे. यंदा प्रत्येक मुलाचं एक पूर्ण झालेलं काम आणि त्याच्याच शेजारी त्या कामात फसलेले, खोडलेले, फाडलेले कागद असं लावणार आहोत. तेव्हा आजपासून रद्दीत काही टाकू नका. चुरगळलेलं असेल तर तसंच पिशवीत भरून पाठवा, इस्त्री करू नका. फ्रेम नको. मागून पेन्सिलीच्या रेघा खोडून देऊ नका, आम्हाला त्या हव्या आहेत. आणि चित्राखाली नाव मुलाच्याच अक्षरात हवं. गेल्या वर्षी निम्मी नावं आयांच्या अक्षरात होती, मला लगेच कळतं.